तार आलेला पाव

पाव मोडला तेव्हा दोन तुकड्यांच्या मधे तार ताणली गेली. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक आणि चिकट. हेस्टर पास्कने दोन्ही हात आणखी लांब नेले, तरी ती तुटेना. आतला गर तपकिरी, लगद्यासारखा झाला होता आणि त्याला फार पिकलेल्या नासपतीसारखा गोडूस, मळमळवणारा वास येत होता.

शनिवारी आणलेला पाव आणि आज सोमवार. दोनच दिवस झाले होते. हेस्टरने तो टेबलावर आपटला, आणि मग नेड दचकला म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

नेड सव्वादोन वर्षांचा. गोवर होऊन गेल्याला तीन आठवडे झाले, पण अंगावर मांस काही चढत नव्हतं. दर शुक्रवारी ती त्याला वाण्याच्या काट्यावर बसवायची. वाणी कुरकुरायचा, हा बटाटे तोलायचा काटा आहे म्हणायचा. काटा तिथल्या तिथेच राहायचा. लढाईच्या चौथ्या वर्षी पावात गहू किती आणि बटाटा, जव, वाटाणा किती हे कुणी विचारेनासं झालं होतं. पण नेडला ते कळत होतं. करड्या पावाचा घास तो तोंडात घ्यायचा, गालात साठवायचा आणि मग हळूच बाहेर काढून तिच्या हातावर ठेवायचा. जणू काही तिचीच वस्तू तिला परत देतोय. त्यातून पाव कायम शिळा. ताजा पाव चवीला लागतो, चवीला लागला की माणसं जास्त खातात, म्हणून भट्टीतून निघाल्यावर बारा तास झाल्याशिवाय पाव विकायचाच नाही असा कायदा होता. शनिवारी संध्याकाळी हेस्टरने तो दगड ओल्या फडक्यात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून, न्हाणीघरातल्या बंबाशेजारच्या फळीवर ठेवला होता. मऊ राहील, दुधात कुस्करला तर पोर खाईल, एवढ्यासाठी.

नेड खायचा ते फक्त अंडं. सकाळी एक मऊ उकडलेलं, आणि मिळालं तर संध्याकाळी अर्धं. अंगणात सहा कोंबड्या होत्या. तिचा नवरा वॉल्टर लढाईवर फ्रान्सला गेला, त्याआधी त्याने स्वतः खुराडं ठोकून दिलं होतं. त्या कोंबड्यांना धान्य घालायला बंदी होती आणि बाजारात कोंडाही मिळत नव्हता. बटाट्याची सालं आणि बांधावरचा घोळ खाऊन त्या आताशा दिवसाआड अंडं घालायच्या.

तेव्हा हेस्टरने काय केलं, तर तो तार आलेला पाव निळ्या काठाच्या परातीत कुस्करला, वर सालं टाकली, गरम पाणी ओतलं आणि परात अंगणात नेऊन ठेवली. नियम तिला पाठ होता. तीन वर्षं शिक्षिकांच्या कॉलेजात काढलेली बाई ती, वर्तमानपत्रातले अन्नखात्याचे सगळे हुकूम कापून डब्याच्या झाकणात चिकटवून ठेवायची. माणसाने खाण्याजोगा पाव जनावराला घालणं हा गुन्हा. खाण्याजोगा नसला तर नाही.

कोंबड्यांनी चार चोची मारल्या असतील नसतील, कुंपणापलीकडून आवाज आला.

"पाहिलंत का? मी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

शेजारच्या मिसेस पिंचबेक होत्या, आणि त्यांच्या मागे कॉन्स्टेबल गॅदरकोल. मिसेस पिंचबेकचा थोरला मुलगा बोटीवर होता. गव्हाची बोट बुडाली की त्या तीन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत, आणि चौथ्या दिवशी सगळ्या गल्लीच्या कचऱ्याच्या डब्यांत डोकावून पाहायच्या.

गॅदरकोल फाटकातून आत आला. मोठा, घामाघूम माणूस. पट्टा सावरत वाकला आणि परात उचलली.

"पाव आहे हा, मिसेस पास्क."

"होता. आता नाहीये. त्याला तार आलीय. वास घेऊन बघा ना."

त्याने परात नाकाजवळ नेली. हेस्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वास चार पावलांवरूनही येत होता.

"मला काही वास येत नाही," गॅदरकोल म्हणाला.

"येत नाही? अहो, आख्ख्या अंगणात दरवळतोय."

"कोंबड्यांचा येतोय. पावाचा नाही."

"मग तार बघा. बोटांनी उचलून बघा."

"गरम पाणी ओतलंय तुम्ही त्यावर. आता तार कुठली दिसायला?" त्याने वही काढली, पेन्सिल जिभेला लावली. "किती पाव होता?"

"म्हणजे मी मोडलेला पाव कपाटात जपून ठेवायला हवा होता, तुम्ही येईपर्यंत?"

"ते मला विचारू नका. सुनावणीत साहेबलोक विचारतील, त्यांना सांगा."

"हेस्टर, तुझ्याशी माझं वैर नाही," मिसेस पिंचबेक कुंपणावरून म्हणाल्या. "पण माझा आर्थर जीव मुठीत धरून पोती आणतो, आणि ती तुझ्या कोंबड्यांनी खायची?"

"तुमच्या आर्थरने आणलेलं माझा नेड खात नाही हो, मिसेस पिंचबेक. त्याच्या पोटात जातं ते या कोंबड्यांचंच."

"लाड असतात एकेकाचे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गॅदरकोलने परातीवर आपला रुमाल बांधला आणि ती परात, पुरावा म्हणून, दोन्ही हातांत धरून गल्लीतून नेली. वाटेत लोक दारात येऊन बघत होते.

दुपारभर हेस्टरचं डोकं तापलं होतं. पण राग गॅदरकोलवर नव्हता, तो सगळा थर्लोबाईंवर होता. ऑल्डफ्लीट गावात पावाची भट्टी एकच, थर्लोबाईंची. बटाटा नीट शिजवत नसतील, पीठ ओलं असेल, परात धुतली नसेल. त्यांनी फक्त एवढं कबूल करायचं होतं की त्या दिवशीचा घाणा बिघडला होता. मग पाव खाण्याजोगा नव्हता हे सिद्ध झालं, गुन्हा उरला नाही. आणि कबूल केलं नाही तर दंड. वॉल्टरच्या पगारातून घरी जे येत होतं त्यात दंडाला जागा नव्हती. विकण्याजोगं घरात एकच होतं, ते अंगणात कलकलाट करत होतं. दंड झाला की कोंबड्या गेल्या, आणि कोंबड्या गेल्या की नेडने काय खायचं? हे गणित तिने दिवसभरात वीस वेळा मांडलं आणि वीस वेळा उत्तर तेच आलं.

नेडला गाडीत घालून ती भट्टीवर गेली तेव्हा थर्लोबाई उद्याचे पाव फळ्यांवर लावत होत्या. साठी उलटलेली बाई, नवरा वारलेला, हाताखालचे दोघे लढाईवर गेलेले. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते.

"थर्लोबाई, शनिवारचा पाव तुम्ही कसला दिलात मला?"

"सगळ्यांना दिला तसला. का गं पोरी?"

हेस्टरने सगळं सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला. तार, वास, पिंचबेक, परात. थर्लोबाईंनी हातातला पाव खाली ठेवला आणि एप्रनला हात पुसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तार? माझ्या पावाला? हे आणखी कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"बोलू नकोस. आधी इकडे ये."

त्या आत गेल्या आणि एक पाव घेऊन आल्या. "हा शनिवारचाच. त्याच घाण्यातला. खालून करपला म्हणून मी माझ्यासाठी ठेवला." त्यांनी लांब सुरीने तो मधोमध कापला. आत करडा, कोरडा, भुसभुशीत. चुरा सांडला. वास फक्त पिठाचा. थर्लोबाईंनी एक तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "बघ. तार काढून दाखव यातून."

तार नव्हती. हेस्टर तो तुकडा बोटांत कुस्करत राहिली.

"तू कशात ठेवला होतास?"

"डब्यात."

"नुसत्या डब्यात?"

"फडकं होतं."

"कोरडं?"

नेडने गाडीतून हात पुढे केला, कुस्करलेला चुरा पाहिला आणि हात मागे घेतला.

"ओलं फडकं," ती म्हणाली. "बंबाशेजारी. मऊ राहावा म्हणून."

"शनिवारी बंब पेटवला होतास?"

"आंघोळीला. आणि आज धुण्याला."

थर्लोबाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. "पोरी, अगं ओल्या फडक्यात, तेही जुलै महिन्यात, बंबापाशी. या पावात बटाटा असतो. त्याला ऊब आणि ओल मिळाली की दोन रात्रींत तार येते. माझी आई हिवाळ्यातसुद्धा पाव झाकू द्यायची नाही."

"मला कुणी सांगितलं नाही," हेस्टर म्हणाली. तिचा तिलाच संताप आला. अन्नखात्याचे हुकूम पाठ, इंग्लंडच्या सगळ्या नद्या पाठ, आणि पाव कसा ठेवायचा हे ठाऊक नाही.

"सुनावणीत काय सांगणार आहेस?" थर्लोबाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. "माझ्याकडचा पाव बिघडला होता म्हणालीस तर ते भट्टी बंद करतील. सगळं व्हिनेगरने धुवून काढा म्हणतील. व्हिनेगर मिळतं कुठे? आणि पिठाचा परवाना एकदा गेला की गेला. मग सगळं गाव सहा मैल चालत पाव आणायला जाईल. मी तुला काही सांगत नाही हं. तुझं पोर आहे. मी फक्त काय होईल ते बोलले."

हेस्टर गाडी वळवून घरी आली.

पुढच्या नऊ दिवसांत तिने मनात दोन जबान्या तयार केल्या. एकीत थर्लोबाईंचं नाव होतं, दुसरीत नव्हतं. नावाची जबानी फार सोपी होती. कुणाला खोटी वाटली नसती, कारण पिठाबद्दल सगळं गावच कुरकुरत होतं. रोज सकाळी नेडच्या अंड्याचं टोक चमच्याने फोडताना ती ठरवायची, नाव घ्यायचं. दुपारी पावाच्या रांगेत उभी राहिली, थर्लोबाईंचे भाजलेले हात दिसले, की ते ठरवलेलं कुठल्या कुठे जायचं. रांगेत बायका तिच्याशी जरा जपून बोलत होत्या. थर्लोबाई पाव देताना तिच्याकडे बघत नव्हत्या.

धान्यबाजाराच्या वरच्या खोलीत सुनावणी झाली. खिडक्या उघड्या असूनही उकडत होतं. नेडला मांडीवर घेऊन बसावं लागलं, कारण सांभाळायला एकच शेजारीण होती आणि ती साक्षीला आली होती. अध्यक्षांच्या खुर्चीत बियाण्यांचे एक म्हातारे व्यापारी होते. त्यांच्या बाहीला काळी पट्टी होती. ती बोटीबरोबर बुडालेल्या मुलासाठी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

गॅदरकोलने परात टेबलावर ठेवली आणि रुमाल सोडला. नऊ दिवस ती चौकीच्या कपाटात होती. आत हिरवी, मखमलीसारखी बुरशी चढली होती. पुढच्या बाकावरचा माणूस मागे सरकला.

"हे असं होतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब. तेव्हा चांगला पाव होता."

"वास?"

"मी नाकाशी धरून पाहिला, साहेब. खराब वास काही आला नाही. शपथेवर सांगतो."

मिसेस पिंचबेकनी कुंपण, कोंबड्या आणि आर्थर असं सगळं सांगितलं. आर्थरचं नाव निघालं तेव्हा अध्यक्षांनी मान खाली घातली. मग त्यांनी हेस्टरला उभं राहायला सांगितलं. ती नेडला कडेवर घेऊन उभी राहिली.

"तुमचं म्हणणं काय आहे, मिसेस पास्क?"

"पाव खाण्याजोगा नव्हता, साहेब. त्याला तार आली होती. तसा पाव मी माझ्या मुलाला देणार नव्हते, आणि कायद्यात तो कोंबड्यांना घालायला मनाई नाही."

"ते बरोबर आहे," कारकून पुस्तक चाळत म्हणाला. "मनाई नाही."

हेस्टरच्या जिवात जीव आला. तो जेमतेम एवढाच वेळ टिकला.

"पण मग असा पाव तुम्हाला विकला कुणी?" अध्यक्षांनी विचारलं. "हे तर त्याहून वाईट झालं. लोक विष खातायत की काय? कुठल्या भट्टीचा?"

एकच भट्टी असलेलं सगळं गाव खोलीत बसलं होतं. मागच्या बाकावर थर्लोबाई होत्या. त्यांनी हॅट गुडघ्यावर काढून ठेवली होती आणि तिची कड दोन्ही हातांनी धरली होती.

नेड हेस्टरच्या कॉलरशी चाळा करत होता. त्याचं मनगट तिच्या दोन बोटांत मावत होतं. नुसतं नाव घ्यायचं होतं. त्या नावाची जबानी तोंडपाठ होती, अगदी शब्द न् शब्द.

"विकला तेव्हा पाव चांगला होता," हेस्टर म्हणाली. "बिघडवला मी. ओल्या फडक्यात गुंडाळून बंबापाशी ठेवला. मुलाला मऊ पाव लागतो म्हणून."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे चांगला पाव तुम्ही घरी नेलात आणि निष्काळजीपणाने नासवलात?"

"मी काळजीपोटीच..."

"होय की नाही?"

"होय."

कारकुनाने पान उलटलं. पहिलं कलम लागू होत नाही, म्हणाला. पण खाण्याजोगं अन्न हयगयीने नासू देणं, त्याला वेगळं कलम आहे. त्याने ते वाचून दाखवलं. हेस्टरने हे कलम कापून ठेवलेलं नव्हतं. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिने मासे गुंडाळून आणले होते.

"तुम्ही प्रामाणिक आहात, मिसेस पास्क, ते आम्ही लक्षात घेतो," अध्यक्ष म्हणाले. मग दोन पौंड दंड सांगितला. "माणसं बुडतायत, बाई, एकेका पोत्यापायी." हे त्यांनी तिला सांगितलं नाही, समोरच्या परातीला सांगितलं.

कोंबड्या गुरुवारी गेल्या. चार बाजारात गेल्या आणि दोन मिसेस पिंचबेकनी घेतल्या.

"माझ्याकडेच राहिलेल्या बऱ्या," त्या म्हणाल्या. "निदान नेडला कुंपणातून दिसतील."

"आणि अंडी?"

"अंड्याचं बघू. आर्थर सुट्टीवर आला तर त्याला लागतील."

नेडला त्या दिसल्या. रोज सकाळी तो कुंपणाशी जाऊन उभा राहायचा आणि कोंबडी ओरडली की मागे वळून आईकडे बघायचा. हेस्टरने पाव दुधात भिजवला, भाजला, वर साखरेचा आठवड्याचा सगळा वाटा घातला. त्याने साखर चाटली आणि पाव तिच्या हातावर ठेवला. पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी काटा मागे गेला. वाण्याने या वेळी काही म्हटलं नाही, ते तिला जास्त लागलं.

त्याच दुपारी ती भट्टीवरून जात होती तेव्हा थर्लोबाईंनी मागच्या दाराने हाक मारली. आत घाणा नुकताच निघाला होता. हेस्टर उंबरठ्यावरच थांबली. चार वर्षांत तिने हा वास इतक्या जवळून घेतला नव्हता. करडा असो, बटाट्याचा असो, गरम पावाचा वास तो. नेड गाडीत ताठ उठून बसला.

थर्लोबाईंनी एक पाव मोडला, वाफ निघाली, आतला गर बोटांनी काढून फुंकर घातली आणि नेडच्या तोंडापुढे धरला. त्याने तोंड उघडलं. चावला. गिळला. पुन्हा तोंड उघडलं.

त्याने पाच घास खाल्ले. हेस्टर मोजत होती.

"रोज चारला ये," थर्लोबाई म्हणाल्या. "मागून."

"बारा तास झाले नाहीत. तुमचा परवाना जाईल."

"विकायचा नाही म्हणतात. देऊ नये असं कुठे लिहिलंय? तूच बघ, तुला पाठ आहे ना सगळं."

"लिहिलेलं नाही. पण सांगता येत नाही. नसलेलं कलम निघतं."

"निघू दे. घे."

थर्लोबाईंनी अख्खा एक पाव कागदात गुंडाळून नेडच्या पायांशी, पांघरुणाखाली सारला. हेस्टरने गाडी गल्लीत आणली आणि भरभर चालू लागली. पांघरुणातून वास येत होता. तो तिच्याबरोबर, तिच्या पुढे, घरांच्या भिंतींना लागून चालला होता. एका खिडकीतून कुणीतरी डोकं बाहेर काढलं.

वळणावर गॅदरकोल उभा होता.

परत फिरायला जागा नव्हती. ती चालत राहिली. तो टोपी सारखी करत होता, तो हात मधेच थांबला. त्याच्या नाकपुड्या फुगल्या. त्याने मान किंचित वर केली, जशी भुकेला माणूस स्वयंपाकघराच्या दारात करतो, आणि घशाची गाठ वर जाऊन खाली आली. मग त्याने गाडीकडे पाहिलं. नेडच्या हनुवटीला कण चिकटले होते.

हेस्टर थांबली. हात दांड्यावर घट्ट होते.

"काय मिसेस पास्क, फिरायला?"

"हो."

"छान आहे हवा." तो गाडीपासून एक पाऊल मागे सरला, आणि तिच्याकडे न बघता, दयाळूपणे, सावकाश म्हणाला, "मला काही वास येत नाही हं. माझं नाक तुम्हाला माहीतच आहे. शपथेवर सांगितलंय मी."

त्याने डोळा बारीक केला. उपकार केल्यासारखा हसलासुद्धा.

हेस्टर त्याच्या नाकाकडे बघत राहिली. धडधाकट, मोठं, लालसर नाक. आज वास येतोय, तर त्या दिवशीही येत होता. चार पावलांवरून येत होता. त्याच परातीवर हा वाकला होता, हीच नाकपुडी फुगली होती, आणि कुंपणापलीकडे मिसेस पिंचबेक उभ्या होत्या म्हणून, वही काढून झाली होती म्हणून, की नुसताच उकाडा होता म्हणून, त्याने नाही म्हटलं होतं. सहा कोंबड्या. नेडचं मनगट. शब्द घशापर्यंत आले. तिने ओठ उघडलेही.

पांघरुणाखाली पाव गरम होता. नेडने पाय त्याच्यावर दाबून ठेवले होते.

"आभारी आहे, मिस्टर गॅदरकोल," ती म्हणाली.

"अहो, त्यात काय," तो म्हणाला, आणि वाट द्यायला आणखी बाजूला झाला.